ब्राउझर-विसंगती, जावास्क्रिप्टमधील

एखाद्या वेबपानातील जावास्क्रिप्ट कोड एका ब्राउझरमध्ये बिनतक्रार चालतो आणि दुसऱ्यात अडतो, तेव्हा त्या दोषास ब्राउझर-विसंगती म्हणतात.

या विसंगतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ या ब्राउझरसोबत जेस्क्रिप्ट ही तिच्यासारखीच भाषा आणली. काही जण तेथूनच फाटाफूट मोजतात. मात्र दोन्ही भाषांचा गाभा बराचसा सारखा होता आणि जून १९९७ मधील एक्मा-२६२ या भाषेच्या मानकाने त्याला समान चौकटही मिळाली. त्यामुळे खरी दुही त्याच वर्षीच्या, दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्यांत, भाषेत नव्हे तर पानातील घटक गाठण्याच्या रीतीत पडली, असे मानणे अधिक सयुक्तिक. एक्सप्लोररने ‘डॉक्युमेंट.ऑल’ पुढे केले, नेटस्केपने ‘डॉक्युमेंट.लेयर्स’. १९९८ च्या डॉम, म्हणजे पानातील घटक हाताळण्याच्या, मानकाने ‘गेटएलिमेंटबायआयडी’चा सामाईक मार्ग दिला. क्लिकसारख्या घटनांची नोंदणी मात्र वेगळीच राहिली: एक्सप्लोररने ‘अॅडइव्हेंटलिसनर’ स्वीकारले ते नवव्या आवृत्तीत, २०११ साली. ‘डॉक्युमेंट.ऑल’ अजून जिवंत आहे. पण ‘टाइपऑफ’ने त्याचा प्रकार विचारला की ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे असे काही नाहीच, असे उत्तर येते. जुनी पाने मोडू नयेत म्हणून मानकानेच हा अपवाद जाणूनबुजून ठेवला आहे.

दोषाचे निदान कन्सोलमधील, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीतील, फाइल व ओळ पाहून सुरू होते. लेखनपद्धतीच ब्राउझरला अनोळखी असेल, तर ती संपूर्ण फाइल नाकारली जाते. तेथे चालू कोडातील चूक झेलणारे ‘ट्राय-कॅच’ निरुपयोगी, बेबलसारख्या साधनाने कोड जुन्या रूपात आणावा लागतो. केवळ एखादे फंक्शन नसेल, तर पॉलिफिल, म्हणजे ते फंक्शन पुरवणारा जोडकोड, पुरते. ब्राउझरचे नाव तपासून फाटे फोडण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, कारण जवळपास सर्वच ब्राउझर आपली ओळख ‘मोझिला/५.०’पासून सुरू करतात. हवी ती सुविधा आहे का, हेच विचारावे.

मराठी पानांत आणखी एक अडचण येते. नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे कांद्याचे क्विंटलमागील भाव दाखवणारे एक पान समजा. संख्या स्थानिक रूपात लिहिणाऱ्या ‘टूलोकेलस्ट्रिंग’ला मराठी-भारत असा संकेत दिला की आजचा क्रोम ‘१,८५०’ असे देवनागरी अंक देतो; हा संकेत दुर्लक्षिणारे जुने ब्राउझर इंग्रजी अंक देत. पानावरचा तोच मजकूर उचलून, स्वल्पविराम काढून बेरीज केली, तर जुन्यात हिशेब जुळतो आणि नव्यात ‘नॅन’ (संख्या नाही) येते. दोष नव्या ब्राउझरचा नाही. दाखवायचा मजकूर आणि हिशेबाची संख्या वेगळी ठेवायला हवी होती.

तारखांतही असेच. जुने ब्राउझर मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या ‘पार्सइंट’ला दिलेले ‘०८’ अष्टमान (केवळ ० ते ७ अंकांची) संख्या समजून शून्य देत. इंग्रजी अंकांतल्या सातपर्यंत सारे ठीक, दहापासूनही ठीक. बिघाड केवळ आठ आणि नऊ तारखांना, किंवा ऑगस्ट-सप्टेंबरात. एक्मा-२६२ मानकाच्या डिसेंबर २००९ मधील पाचव्या आवृत्तीने हा अर्थ रद्द केला.

बहुतेक विंडोज १० संगणकांवरील इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. एज या नव्या ब्राउझरमधील, एक्सप्लोररसाठीची जुनी पाने चालवणारा आयई मोड किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.