फोटोखालचं नाव

देवबागच्या किनाऱ्यावर सकाळी जाळं ओढणारी माणसं दिसली की बाहेरून आलेला पाहुणा हमखास फोटो काढतो. ‘कोळी बांधव मासे पकडताना’ असं लिहून तो फोटो टाकतो, आणि दुपारपर्यंत मालवणचं कुणीतरी त्याखाली लिहून जातं: ही रापण, आणि ओढणारे कोळी नव्हेत, गाबीत समाजाचे मच्छीमार. मग हळूहळू बाकीचं येतं. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात, जाळं वर आलं की वाटे पडतात, आणि ओढायला ज्याने हात लावला त्याच्याही पदरात काही पडतं. पाहुण्याने एक फोटो दिला, त्याला एका गावाची वाटणीची रीत कळली.

कोकणातल्या माणसाला आपल्या फोटोखालची ओळ अशी दुरुस्त करता येऊ लागली ती गेल्या वीसेक वर्षांत. त्याआधीचा काळ बराच मोठा आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. तिच्यात इंग्रज अधिकारी आणि व्यापारी होते, तसे काही इथलेही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक, आणि हे घराणं मूळचं गोव्यातल्या पेडण्याकडचं. पण बाहेरच्या जगात आपल्या मुलखाची ओळख ठरवली ती दुसऱ्यांच्या चित्रसंग्रहांनी. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचा मुंबईतल्या जातीजमातींवरचा संग्रह लंडनमध्ये १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत निघाला. त्यातल्या कितीतरी चित्रांत माणसांचे फोटो वेगळे काढून दुसऱ्याच देखाव्यावर बसवलेले आहेत. माणूस एकीकडचा, मागची जागा दुसरीकडची, आणि खालचा मजकूर तिसऱ्याचा. उभं राहिलेल्याला आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बहुधा कधी कळलंच नसेल. मला हे पुन्हा पुन्हा आठवतं, कारण जॉन्सनला लागला तसला खटाटोप न करताही आजचे कितीतरी फोटो तीच चूक करतात.

मधल्या शंभर वर्षांत कोकणच्या घरात फोटो आला तो मुंबईहून. चाकरमानी गिरगावात किंवा परळला स्टुडिओत जाऊन, कोट घालून, बायकोला शेजारी बसवून फोटो काढून घ्यायचा आणि बोटीने गावी पाठवायचा. पडवीत तो देवादिकांच्या तसबिरींशेजारी टांगला जायचा. म्हणजे फोटोतून मुंबई गावाला दिसत होती, गाव मुंबईला दिसत नव्हतं. पुढे कॅमेरे आले तरी छत्तीस फोटोंचा रोल गणपतीला सुरू व्हायचा आणि शिमग्याला संपायचा. धुऊन आलेले फोटो सगळ्या वाडीत फिरायचे, पण वाडीच्या बाहेर जात नसत.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. दोन्हींमुळे कॅमेरा घेऊन येणारा माणूस वाढला. त्यानंतर काही वर्षांतच फोटो जगासमोर मांडायच्या जागा उघडल्या. फ्लिकर, ऑर्कुट आणि विकिमीडिया कॉमन्स ही तिन्ही २००४ सालची. माझ्या मते मात्र कोकणच्या बाबतीत खरं काम केलं ते पॅनोरामिओने. २००५ साली सुरू झालेल्या त्या संकेतस्थळावर फोटो नकाशावरच्या नेमक्या जागी लावता येत असे, आणि तो गूगल अर्थवर दिसत असे. आखातात नोकरी करणारा दापोलीचा माणूस रात्री आपली खाडी शोधायचा आणि तिथे कुणा अनोळखी भटक्याने काढलेला आपल्याच तरीचा, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीचा, फोटो बघायचा. गावाचं नाव चुकलं असेल तर त्याला राहवत नसे. वाडी कुठली, देऊळ कुणाचं, पलीकडचा डोंगर कोणता, हे तो लिहायचा. पॅनोरामिओ २०१६ साली बंद झालं. त्याच वर्षी स्वस्त डेटा आला आणि गुराख्याच्या खिशातही कॅमेरा आणि इंटरनेट एकदमच पोचलं.

गुराख्याचं नाव उगीच घेतलेलं नाही. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, जांभ्या दगडात कोरलेली चित्रं गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कुणी ती पांडवांची म्हणे, कुणी नुसतंच ‘चित्रं’ म्हणे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव जाऊन अशा माणसांना विचारत ती शोधली, मोजली, नोंदवली. हजाराहून जास्त आकृत्यांची नोंद आता झाली आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत. असल्या आकृतीजवळ उभं राहिलं तर पायाखाली नुसत्या खोबणी दिसतात. तिचा हत्ती होतो तो उंचावरून. म्हणून ड्रोनचे फोटो आले तेव्हा ज्यांच्या सड्यावर तो हत्ती होता, त्या गावकऱ्यांनाही तो अख्खा दिसला. ते फोटो फिरले, ‘आमच्याकडेही असं काहीतरी आहे’ म्हणणारी माणसं पुढे आली, आणि ‘कातळशिल्प’ हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी बसला. २०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ ही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यामागे मोजमापाचं कष्टाचं काम आहेच, पण ज्या सड्याला लोक माळ म्हणून सोडून देत होते, तो जपायला हवा असं गावाला वाटण्यात फोटोंचा वाटा मोठा आहे.

त्याच फोटोंपायी त्रासही झाला. आकृती उठून दिसावी म्हणून रेषांत खडू भरणं, चपला घालून हत्तीच्या पाठीवर बसणं हे प्रकार होतात. कातळ मऊ आहे, रेषा झिजतात.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मात्र फोटो काढण्याची शिस्त आधीपासून आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, गावातल्या घरांत उतरू लागले. तिथे फ्लॅश चालत नाही, दोरीच्या अलीकडेच थांबायचं. उकडीचे मोदक खाऊन परत गेलेला माणूस फोटो टाकताना हे नियमही लिहितो, आणि पुढचा पाहुणा ते वाचूनच येतो.

मला सलतं ते ‘मिनी गोवा’ आणि ‘मिनी मालदीव’. ज्या किनाऱ्याला स्वतःचं नाव आहे, ग्रामदेवता आहे, त्याच्या फोटोखाली दुसऱ्याच मुलखाचं नाव लिहिलं की बघणाऱ्याला काहीच कळत नाही. शिमग्याच्या पालखीचं तसंच. गुहागर-चिपळूणकडे पालखी खांद्यावर नाचवतात, ती घरोघर येते. कुडाळकडे नेरूरच्या मांडावर, म्हणजे देवाच्या राखीव जागेवर, रोंबाट येतं, म्हणजे सोंगांची वाजतगाजत मिरवणूक. दोन्हींखाली नुसतं ‘कोकणातील होळी’ असं असतं. आणि काही गोष्टींचा फोटो काढूच नये. देवाचा कौल लागताना, कुणाच्या अंगात अवसर आलेला असताना गावकरी हात वर करून थांबवतात, तेव्हा मोबाइल खिशात ठेवावा. ती वेळ देवाची आणि गावाची असते.

आमच्या पडवीतला आजोबांचा बोटीच्या काळातला एक फोटो मी दोन वर्षांपूर्वी टाकला. पडावात, म्हणजे बोटीपर्यंत माणसं नेणाऱ्या होडीत, उभे आहेत, पाठीमागे अंधूक तटबंदी. आम्ही सगळे त्याला मालवण समजत होतो. देवगडच्या एका बाईंनी बुरुजाची गोलाई बघून सांगितलं की हे विजयदुर्ग. त्यांच्या वडिलांनी त्याच बंदरात पडाव हाकला होता. दुसऱ्या एकाने आजोबांच्या हातातल्या ट्रंकेवरचं नाव मोठं करून वाचलं. पडावाच्या टोकाला उघड्या अंगाने उभा असलेला मुलगा कोण, ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.