शिकागोच्या ग्रंथालयातलं चित्र आणि कृष्णवर्णीय चित्रकारांचा वाढता भाव

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चित्रकारांना गेल्या काही वर्षांत जी मान्यता मिळाली, तिची चर्चा बहुधा लिलावाच्या आकड्यांवरून होते. २०१७ मध्ये न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय चित्रकार बास्किआ याचं एक चित्र ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याआधीचा उपेक्षेचा इतिहास मोठा आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बड्या संग्रहालयाने हार्लेम या त्या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीवर प्रदर्शन भरवलं, दालनं छायाचित्रांनी भरली, पण हार्लेमच्या चित्रकारांचं एकही चित्र लावलं नाही. कलाकार फलक घेऊन दारात उभे राहिले, ते तेव्हा.

या वाढत्या भावाचा फायदा कुणाला, हा आजचा वाद समजून घ्यायला मात्र २०१८ चं शिकागो पाहावं लागतं. शिकागोचे कृष्णवर्णीय चित्रकार केरी जेम्स मार्शल यांच्या ‘पास्ट टाइम्स’ या चित्रात कृष्णवर्णीय मंडळी हिरवळीवर सहलीला आली आहेत. कुणी गोल्फ खेळतंय, कुणी क्रोके, मागे पाण्यात मोटरबोट. त्वचा तपकिरी नाही, काळीकुळकुळीत, आणि ती तशी ठरवून रंगवलेली. शिकागोतल्या एका सार्वजनिक संस्थेने हे चित्र १९९७ मध्ये २५ हजार डॉलरला घेतलं होतं. मे २०१८ मध्ये ते २ कोटी ११ लाख डॉलरला विकलं गेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराच्या कारभाऱ्यांनीही आपल्याकडचं एक चित्र विकायला काढलं. शहराच्या वेस्ट साइड भागातल्या लेगलर ग्रंथालयासाठी मार्शल यांनी १९९५ मध्ये १० हजार डॉलर मानधनावर ‘नॉलेज अँड वंडर’ रंगवलं होतं. प्रचंड पुस्तकांकडे आणि त्यापलीकडच्या विश्वाकडे टक लावून पाहणारी मुलं आणि मोठी माणसं त्यात आहेत. अपेक्षित किंमत होती १ ते दीड कोटी डॉलर. त्या पैशांतून याच ग्रंथालयाचा विस्तार करायचा, असा प्रशासनाचा युक्तिवाद होता. ग्रंथालयाची वर्षानुवर्षं आबाळ झाली होती, हेही खरंच. पण गरीब कृष्णवर्णीय वस्तीला चांगलं ग्रंथालय हवं तर तिने स्वतःचं चित्र विकावं, हा सौदा मुळातच अन्यायाचा होता. श्रीमंत भागांतल्या ग्रंथालयांना कुणी अशी अट घालत नाही. वर्षभरापूर्वीच मार्शल यांनी शहरासाठी भलंमोठं भित्तिचित्र केलं होतं, मानधन फक्त १ डॉलर. त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, कलाक्षेत्रातूनही टीकेची झोड उठली आणि नोव्हेंबरमध्ये, लिलावाआधीच, शहराने चित्र मागे घेतलं. ग्रंथालयाचा विस्तार पुढे झालाच.

अमेरिकेत फेरविक्रीतला वाटा चित्रकाराला देण्याची कायदेशीर सक्ती नाही. त्यामुळे ‘पास्ट टाइम्स’च्या विक्रीतून मार्शल यांना कायद्याने काहीच देणं लागत नव्हतं. संग्रहालयांची खरेदी तर आणखी मागे आहे. २००८ ते २०२० या काळात तिथल्या ३१ संग्रहालयांनी मिळवलेल्या कलाकृतींत कृष्णवर्णीय अमेरिकी कलाकारांचा वाटा २.२ टक्के निघाला.