थॅडियस स्टीव्हन्स: मालकाच्या बाजूने लढलेला वकील

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावात एक छोटं कब्रस्तान आहे, तिथे थॅडियस स्टीव्हन्सची कबर आहे. एवढा मोठा खासदार, मेल्यावर बॉडी वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये (म्हणजे संसदेच्या इमारतीत) दर्शनाला ठेवलेली, आणि पुरला इथे, का तर बाकीच्या कब्रस्तानांत काळ्यांना जागा नव्हती म्हणून याने मुद्दाम ही जागा निवडली, आणि दगडावर तसं कारणही लिहून घेतलं.

पण सुरुवात अगदी उलटी आहे. १७९२ ला व्हरमाँटमध्ये जन्म, एक पाय जन्मापासूनच वाकडा, बाप घर सोडून गेलेला, आईने कष्ट करून शिकवलं. डार्टमथ कॉलेज करून गेटिसबर्गला वकिली सुरू केली. तिथे चॅरिटी बटलर नावाच्या बाईची केस आली. ती म्हणत होती की पेनसिल्व्हेनियात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिले, म्हणजे कायद्याने मी गुलाम नाही. स्टीव्हन्स मालकाचा वकील. ते सहा महिने सलग नव्हते, तुकड्या-तुकड्यांत होते असा मुद्दा काढला आणि १८२१ साली केस जिंकला पण, बाई आणि तिची पोरं परत गुलामीत. कायद्याचा कीस काढणं म्हणतात ते हेच. पुढे आयुष्यभर तो गुलामगिरीच्या विरोधात लढला, त्याच्यामागे ही केस असावी असं मला तरी वाटतं.

१८३५ ला राज्याच्या विधानसभेत फुकट सरकारी शाळांचा कायदा रद्द व्हायला निघाला होता, तो याच्या एका भाषणाने वाचला. १८३८ ला राज्याच्या नव्या घटनेत काळ्यांचा मतदानाचा हक्क काढला म्हणून याने त्यावर सहीच केली नाही.

सिव्हिल वॉरच्या, म्हणजे उत्तरेची आणि दक्षिणेची (साउथची) राज्यं यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पैशाची कमिटी याच्याकडे, म्हणजे युद्धाचा खर्च भागवायचं काम. १८६३ ला साउथच्या सैन्याने येऊन त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला. १८६५ ला गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) ११९ विरुद्ध ५६ ने पास झाली, मग चौदावी, ज्यात जन्माने नागरिकत्व आणि कायद्यासमोर समानता आली. ती त्याला अपुरी वाटत होती तरी मत दिलं, म्हणे मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. (आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं ती हीच पिढी, पण तोवर स्टीव्हन्सला जाऊन पाच वर्षं झाली होती.)

१८६८ ला प्रेसिडेंट जॉन्सनवर महाभियोग आणला तेव्हा हा इतका आजारी की त्याला खुर्चीत बसवून उचलून सभागृहात न्यायचे. सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) एक मत कमी पडलं म्हणून जॉन्सनला काढणं राहिलं, आणि ऑगस्टमध्ये हा गेला.

त्याची सगळ्यात मोठी मागणी मात्र कागदावरच राहिली, साउथच्या बड्या जमीनदारांची जमीन काढून सुटलेल्या गुलामांतल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यायची. त्याच्याच पार्टीतले बरेच जण मालमत्तेला हात लावायला तयार नव्हते. मग लाखो माणसं स्वतंत्र झाली आणि परत त्याच जमीनदारांच्या शेतात वाट्याने कापूस पिकवायला लागली.