दोन मथळे, एकच गठ्ठा

उन्हाळा जवळ आला की ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये पेपरातून एसी सर्व्हिसिंगची पत्रकं पडू लागतात. 'विश्वासार्ह सेवा, वाजवी दर' असा मथळा असलेलं पत्रक रद्दीत जातं, कारण वाचणाऱ्याची अडचण त्यात कुठेच नसते. 'एसीतून घरात पाणी ठिबकतंय?' हे ज्याच्या भिंतीवर ओघळ आलेत तो वाचतोच. पुढच्या ओळीत कारण द्यावं: ड्रेन पाइप तुंबला की पाणी बाहेर न जाता ट्रे भरून खोलीत गळतं. मग नेमकं काम आणि नेमके पैसे. गॅस भरण्याचे पैसे वेगळे असतील तर तेही तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरात छापावेत. ही अट लपवली की दारात वाद होतो आणि संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतो.

तेवढ्याच रकमेच्या फायद्यापेक्षा तोटा माणसाला जास्त बोचतो, असं डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं. त्यावरून 'वीज वाचवा'पेक्षा 'मळलेल्या जाळीमुळे वीज वाया जातेय' हे अधिक परिणाम करेल, असा अंदाज बांधता येतो. तो आपल्या गिऱ्हाइकांवर खरा ठरतो का, हे मात्र मोजूनच कळतं.

आणि मोजण्यातच घोळ होतो. एक मथळा नौपाड्यात वाटला, दुसरा कासारवडवलीत, तर फरक मथळ्याचा की वस्तीचा? शेतीच्या प्रयोगांत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यापुढे १९२०च्या दशकात हाच पेच होता: पीक खतामुळे वाढलं की मुळात जमीनच कसदार होती? कुठल्या तुकड्याला कोणतं खत, हे त्यांनी सोडतीवर सोपवलं. पत्रकांसाठी सोपा मार्ग म्हणजे दोन्ही मथळे एकाआड एक लावून गठ्ठा बांधायचा आणि मगच तो पेपरवाल्याकडे द्यायचा. दर, कागद, रंग सारखेच ठेवायचे. फोन कोणत्या पत्रकावरून आला हे कळायला कोड छापला, तरी तो विचारायला फोन घेणारा विसरतो, म्हणून दोन्ही पत्रकांवर वेगवेगळे नंबर छापावेत.

हजार-हजार पत्रकांवर १० आणि १५ फोन आले तर लगेच निकाल लावू नये. बेरीज २५, तिचं वर्गमूळ ५. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. फरक वर्गमुळाच्या दुपटीहून जास्त हवा. १० आणि २५ आले, तर बेरजेचं वर्गमूळ सुमारे ६ आणि फरक १५. तिथे दुसऱ्या मथळ्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

तोच मथळा एसएमएसवर न्यायचा तर देवनागरीत एका संदेशात ७०च चिन्हं मावतात, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात: 'ठाणे'ची चार होतात. ७१वं चिन्ह आलं की दोन संदेशांचे पैसे लागतात. शिवाय मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो, तेव्हा दोन्ही मथळ्यांचे साचे एकदमच नोंदवावेत.