प्रेअरी गवतांची बियांपासून लागवड

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील मूळच्या बहुवर्षायू गवतांचे बी गोळा करून, ते तयार केलेल्या जमिनीत पेरून, मोडलेले गवताळ मैदान पुन्हा उभे करण्याची पद्धत. कॅनडातील मॅनिटोबापासून टेक्ससपर्यंत पसरलेल्या या मैदानांना प्रेअरी म्हणतात. पूर्वेकडे पाऊस जास्त, म्हणून तिथले गवत माणसाच्या डोक्यावरून जाते. पश्चिमेला रॉकी पर्वताकडे सरकावे तसा पाऊस घटतो आणि गवतही आखूड होते. उंच गवताच्या मूळ पट्ट्यापैकी आज ४ टक्क्यांहूनही कमी उरला आहे. आयोवा आणि इलिनॉय या राज्यांत तर हजारात एक भागही शिल्लक नाही.

हे इतक्या झपाट्याने घडले ते नांगरामुळे. जॉन डिअर याने १८३७ मध्ये इलिनॉयमधील ग्रँड डिटूर या गावी पोलादी फाळाचा नांगर बनवला. तिथली काळी चिकट माती या फाळाला लागून राहत नसे. पुढच्या काही दशकांत बहुतेक मैदान मका आणि गव्हाखाली गेले. मूळ गवत टिकले ते नांगर न पोचलेल्या जागी: रेल्वेरुळांच्या कडेला, जुन्या दफनभूमींत आणि कॅन्ससमधील फ्लिंट हिल्सच्या गारगोटी-चुनखडीच्या टेकड्यांवर. नव्या लागवडीचे पहिले बी याच तुकड्यांतून आले. म्हणून असा एखादा तुकडा नष्ट झाला, की त्याबरोबर आसपासच्या शेकडो एकरांचे भावी बियाणेही जाते.

पेरून प्रेअरी उभी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मॅडिसन येथे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात १९३०च्या दशकात झाला. पडीक झालेल्या शेतजमिनीवर थिओडोर स्पेरी यांच्या देखरेखीखाली, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेवर आलेल्या तरुणांनी हे काम केले. त्यांनी बी पेरले, तसेच दूरच्या तुकड्यांतून गवताचे मातीसकट गड्डे आणूनही लावले. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी तिथे जाळण्याचे प्रयोग केले आणि आज ते मैदान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शिकागोजवळ मॉर्टन वनस्पती उद्यानात रे शुलेनबर्ग यांनी १९६२ पासून रोपे वाढवून, हाताने खुरपणी करत मैदान तयार केले. रॉबर्ट बेट्झ यांनी १९७५ मध्ये फर्मी या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारात, कणत्वरकाच्या (सूक्ष्म कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) वर्तुळाच्या आतल्या जमिनीवर, हेच काम शेतीच्या यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर सुरू केले.

उंच गवताच्या पट्ट्यातली मुख्य गवते चार: बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास आणि त्यांच्यापेक्षा ठेंगणे लिटल ब्लूस्टेम. कोरड्या जागी साइडओट्स ग्रामा आणि प्रेअरी ड्रॉपसीड, पाणथळीत कॉर्डग्रास. ही सगळी उन्हाळ्यात वाढणारी गवते आहेत. स्विचग्रास वरीच्या प्रजातीतले, तर बिग ब्लूस्टेम आणि इंडियन ग्रास हे ज्वारी, मका आणि ऊस यांच्या गटातले. महाराष्ट्राच्या माळावर कपड्यांत घुसणारी कुसळी टेक्ससच्या कुरणांतही मूळचीच आहे. कुसळीच्या बियांना असते तसेच पीळ असलेले कुसळ इंडियन ग्रासच्या बियांनाही असते. दमट-कोरड्या हवेत ते पीळ घेते, सोडते आणि बी मातीत सरकवते.

निसर्गात उपयोगी पडणारे हे कुसळ आणि त्याभोवतीची लव पेरणीत मात्र अडथळा ठरतात. बी एकमेकांत गुंतून गोळे होतात आणि साध्या पेरणी यंत्राच्या नळीतून खाली उतरत नाहीत. त्यासाठी पेटीत सतत ढवळणारा दांडा आणि बी ओढून काढणारी दातेरी चाके असलेली खास यंत्रे वापरतात, किंवा बी आधी घासून कुसळे मोडून घेतात. थोडे क्षेत्र असेल तर ओलसर वाळूत किंवा लाकडाच्या भुशात बी मिसळून हाताने फोकणे हाच उत्तम मार्ग. बी सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पिकते. कणीस मुठीत धरून ओरबाडले आणि दाणे सहज सुटले, की ते तयार समजावे. गोळा केलेले बी लगेच पातळ पसरून वाळवावे लागते. ओलसर ढीग तापतो आणि कुजतो.

विकतच्या पिशवीत काडीकचरा, पोकळ तूस आणि न उगवणारे दाणे बरेच असतात. म्हणून या बियाण्याचा हिशेब ‘शुद्ध जिवंत बी’ या मापाने होतो: शुद्धतेचा टक्का गुणिले उगवणीचा टक्का. शुद्धता ७० टक्के आणि उगवण ८० टक्के असेल, तर १ किलोच्या पिशवीत कामाचे बी फक्त ५६० ग्रॅम. केवळ पिशवीच्या वजनावरून स्वस्त-महाग ठरवणारा यात हमखास फसतो. सर्वसाधारण पेरणीत दर चौरस फुटाला ४० ते ६० जिवंत बिया पडाव्यात असे धरतात.

लागवड फसते ती बहुधा पेरणीच्या आधीच. जुन्या शेतात किंवा कुरणात युरोप-आशियातून आलेल्या ब्रोमसारख्या गवतांची मुळे आणि तणांचे बी दडलेले असते. ते एक पूर्ण हंगाम, जमल्यास दोन, सतत मारत राहावे लागते. त्यासाठी उथळ मशागत, तणनाशक किंवा छोट्या तुकड्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून उन्हाने माती तापवणे असे मार्ग आहेत. अनेक जण आधी दोन वर्षे सोयाबीन घेतात आणि त्याच्या धसकटांतच गवत पेरतात. शेवटची खोल नांगरट मात्र टाळलेलीच बरी, कारण ती खालचे तणबी वर आणते. पेरणीआधी जमीन दाबून इतकी घट्ट करतात की चालताना पाऊल जेमतेम उमटावे. बी अर्धा ते सव्वा सेंटिमीटरपेक्षा खोल गेले, तर कोंब वर येत नाही.

पेरणीचे दोन हंगाम आहेत. एक, मे मध्य ते जून मध्य, माती उबदार झाल्यावर. दुसरा, नोव्हेंबरमध्ये जमीन गोठण्याच्या सुमारास. आपल्याकडे पावसाआधी कोरड्यात धूळपेरणी करतात, तशीच ही बर्फाआधीची पेरणी. स्विचग्रास आणि कॉर्डग्रासच्या बियांची सुप्तावस्था हिवाळ्याच्या ओल्या थंडीने मोडते, शिवाय सोबत पेरलेल्या अनेक रानफुलांना ही थंडी हवीच असते. वसंतात पेरायचे असल्यास हे बी काही आठवडे ओलसर वाळूत घालून शीतकपाटात ठेवतात. हिवाळी पेरणीत पक्षी-उंदीर थोडे बी खातात, म्हणून प्रमाण जरा वाढवतात.

पहिल्या वर्षी शेत पाहून नवखा माणूस हताश होतो. वर सगळीकडे फॉक्सटेल आणि रॅगवीड ही तणे, पेरलेल्या गवताची रोपे मात्र बोटभर पानांची आणि शोधूनही न दिसणारी. याच काळात ती जमिनीखाली मुळे उतरवत असतात. पूर्ण वाढलेल्या बिग ब्लूस्टेमची मुळे २ मीटरच्याही खाली जातात. ओळख पटवायची तर एखादे रोप हलक्या हाताने उपटून मुळाशी चिकटलेले बी पाहतात. खुरपणी करू नये. तणाबरोबर कोवळी रोपेही निघतात. तण गुडघ्याच्या आसपास पोचले, की यंत्र उंच ठेवून १५ ते २० सेंटिमीटरवर कापत राहायचे, म्हणजे खाली ऊन पोचते आणि तणाला बी धरत नाही. खत मुळीच घालू नये: नत्राचा फायदा आधी तणाला होतो. फुलोरा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो. ड्रॉपसीड त्याहूनही संथ.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सुके गवत पहिल्यांदा जाळता येते. ही मैदाने घडली तीच आगीने आणि रानगव्यांच्या, म्हणजे बायसनच्या, चरण्याने. ओसेज, कॉ, पॉनी, डकोटा अशा मूळ रहिवासी लोकांनी शतकानुशतके त्यांना हेतुपुरस्सर आग लावली. वसंताच्या शेवटी लावलेली आग थंडीत वाढणाऱ्या परक्या गवतांना ऐन वाढीत गाठते, पण बिग ब्लूस्टेमसारख्यांचे कोंब तेव्हा मातीखाली सुरक्षित असतात. काळी झालेली जमीन लवकर तापते आणि फुटवे जोमाने येतात.

जुन्या लागवडींत गवताचे बी फार पडले आणि फुले दबली. १९८५च्या कायद्याने शेतजमीन राखीव ठेवण्याची सरकारी योजना आली, तेव्हाही अनेक शेतांत दोन-चार गवतांचेच मिश्रण पेरले गेले. आता उंच गवतांचा वाटा मुद्दाम कमी ठेवून रानफुलांचा वाढवतात, आणि ते योग्यच आहे. नुसत्या गवताच्या शेताला प्रेअरी म्हणता येत नाही.

बी कुठून आणायचे हा प्रश्न अजून वादाचा आहे. ‘कॉ’ हे बिग ब्लूस्टेमचे आणि ‘ब्लॅकवेल’ हे स्विचग्रासचे वाण चाऱ्यासाठी निवडलेले. ते भरपूर मिळतात, स्वस्त पडतात आणि लवकर मैदान व्यापतात. जीर्णोद्धार करणारे मात्र शक्य तितके जवळच्या तुकड्यातले बी पसंत करतात. ही गवते दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात, त्यामुळे दक्षिणेचे बी उत्तरेत पेरले तर ते उशिरा फुलते आणि दाणा भरण्याआधी हिमकडाका येतो. उत्तरेचे बी दक्षिणेत लवकर फुलून ठेंगणे राहते.