जुनी दायित्व विमा पॉलिसी आणि प्रदूषित जमिनीची सफाई (अमेरिका)

कारखाना, पेट्रोल पंप किंवा ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून पूर्वी जमिनीत मुरलेले विष उपसण्याचा खर्च त्या काळच्या दायित्व विम्यातून वसूल करणे, ही अमेरिकेत १९८० नंतर रूढ झालेली पद्धत आहे. शेवटचा हप्ता भरून चाळीस-पन्नास वर्षे उलटलेली पॉलिसीही यात कामी येते. अशा पॉलिसी हुडकून काढण्याच्या व्यवसायाला तिकडे ‘विमा पुरातत्त्व’ असे नाव पडले आहे.

या गरजेचे मूळ ‘सुपरफंड’ कायद्यात, म्हणजे प्रदूषित जमिनीच्या सफाईचा खर्च जबाबदार मंडळींवर टाकणाऱ्या कायद्यात आहे. न्यू यॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वरून माती लोटली आणि ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. तिथे शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना तिथून हलवावे लागले. डिसेंबर १९८० मध्ये सुपरफंड कायदा झाला. तो पूर्वलक्षी आहे. कचरा टाकला तेव्हा ते बेकायदा नव्हते, ही सबब त्यापुढे चालत नाही. आज जमीन ज्याच्या नावावर आहे त्यालाही, त्याने स्वतः थेंबभर रसायन सांडले नसले तरी, जबाबदार धरता येते.

एवढा पैसा आणायचा कुठून? उत्तर जुन्या कागदांत सापडले. व्यवसायामुळे तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर ते भरून देणारी सर्वसाधारण दायित्व पॉलिसी बहुतेक धंदेवाले दरवर्षी घेत. विमा कंपन्यांच्या १९६६ च्या प्रमाण मसुद्याप्रमाणे नुकसान पॉलिसीच्या मुदतीत घडलेले असले की पुरे. दावा त्याच मुदतीत आला पाहिजे, अशी अट नव्हती. म्हणजे १९६८ साली भूजल नासले असेल आणि ते २०१० साली उघडकीस आले असेल, तरी १९६८ ची पॉलिसी जबाबदार राहते. मुदत संपली म्हणून पॉलिसी रद्दीत घालणाऱ्यांनी अनेकदा जमिनीहून मौल्यवान वस्तू फेकून दिली आहे.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचे उदाहरण यात वारंवार येते. कपडे धुण्याचे ‘पर्क’, म्हणजे परक्लोरोइथिलिन, पाण्याच्या सुमारे १.६ पट जड असते. यंत्राच्या पाणी-विभाजकातून गटारात गेलेले पर्क गळक्या नळाच्या सांध्यातून मातीत उतरते, भूजलातूनही खाली बुडते आणि एखाद्या चिकणमातीच्या थरावर साचून राहते. तिथून ते वर्षानुवर्षे पाण्यात विरघळत शेजाऱ्यांच्या जमिनीखाली पसरते. त्याची वाफ वरच्या घरांत शिरते. असे दुकान चालवणारे म्हातारे जोडपे किंवा त्यांचा घरमालक हा खर्च पेलू शकत नाही. त्यांच्यासाठी जुनी पॉलिसी हाच खरा आधार असतो. त्यातही वकिलांचा खर्च विमा कंपनीने बहुधा मूळ रकमेव्यतिरिक्त सोसायचा असतो, ही बाब लहान दुकानदाराला फार मोलाची ठरते.

स्वतःच्या मालमत्तेचे नुकसान या विम्यात येत नाही. पण भूजल आपल्या कुंपणाआत थांबत नाही, आणि बहुतेक दावे तिथूनच उभे राहतात.

विमा कंपन्यांनी १९७० च्या सुमारास प्रदूषण वगळणारे कलम आणले. त्यातून ‘आकस्मिक आणि अपघाती’ गळतीला सूट होती. ‘आकस्मिक’ म्हणजे झटकन घडलेले की अनपेक्षित, यावर राज्याराज्यांतील न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले. १९८६ च्या मसुद्यात ही सूटही गेली. त्यामुळे त्याआधीच्या पॉलिसींना भाव आहे. इंडियाना राज्य मात्र वेगळे: १९९६ च्या कायगर खटल्यात, पेट्रोल पंपाच्या गळतीबाबत, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलमच संदिग्ध ठरवले.

गळती अनेक वर्षे चालली तर कोणत्या वर्षाची पॉलिसी धरायची? डीडीटी बनवणाऱ्या मॉन्ट्रोज कंपनीच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, हानी सुरू असताना लागू असलेली प्रत्येक पॉलिसी जबाबदार. त्याच राज्यात, रिव्हरसाइड परगण्यातील स्ट्रिंगफेलो खड्ड्यांत १९५६ ते १९७२ या काळात सुमारे १३ कोटी लिटर औद्योगिक कचरा ओतला गेला. ती जागा निवडण्यात आणि आखण्यात राज्याचाच हात असल्याने सफाईची जबाबदारी राज्यावर आली आणि राज्याने आपल्याच विमा कंपन्यांवर दावा लावला. २०१२ मध्ये या दाव्यात त्याच न्यायालयाने वेगवेगळ्या वर्षांच्या पॉलिसींच्या भरपाईच्या मर्यादा एकावर एक रचून, म्हणजे त्यांची बेरीज करून, वापरायला मुभा दिली.

पॉलिसीच हरवली असेल तर शोध सुरू होतो. जुन्या खतावणीत विमा कंपनीचे नाव आणि हप्त्याची रक्कम मिळते. वठलेले धनादेश, एजंटाची फाइल, भाडेकरार, बँकेच्या गहाणखताला जोडलेले विमा प्रमाणपत्र, सरकारी कंत्राटाची कागदपत्रे असे सगळे चाळले जाते. सर्वांत भाग्याचा शोध म्हणजे वरच्या थराची, म्हणजे अतिरिक्त संरक्षणाची पॉलिसी: तिच्या परिशिष्टात खालच्या मूळ पॉलिसींचे क्रमांक, मुदती आणि रकमा ओळीने लिहिलेल्या असतात. अशा दुय्यम पुराव्यावरही न्यायालये पॉलिसी सिद्ध झाल्याचे मानतात.

प्रदूषण कळताच विमा कंपनीला लेखी कळवावे लागते. न कळवता आधी केलेला खर्च बऱ्याचदा बुडतो, आणि घाईने खोदकाम सुरू करणारे प्रामाणिक मालकच यात अडकतात, ही या पद्धतीतील खरी खंत आहे. पुष्कळ प्रकरणे तडजोडीत मिटतात: कंपनी ठोक रक्कम देऊन पॉलिसीच परत विकत घेते. विमा कंपनी बुडालेली असेल तर अवसायकाकडे, म्हणजे बुडीत कंपनीची देणी मिटवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, रांग लावावी लागते. होम इन्शुरन्स ही मोठी कंपनी २००३ मध्ये अवसायनात गेली. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने मात्र १९९२ पर्यंतच्या व्यवसायाची देणी १९९६ मध्ये इक्विटास या स्वतंत्र संस्थेकडे सोपवली, त्यामुळे लंडनच्या जुन्या पॉलिसींना उत्तर देणारे कोणीतरी उरले.