शिकाऊ कंट्रोलरसाठी सिम पायलट व्हायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

व्हॅटसिम म्हणजे घरच्या सिम्युलेटरवर विमानं उडवणारे आणि त्यांना रेडिओवर सूचना देणारे हौशी कंट्रोलर ऑनलाइन भेटतात ते नेटवर्क. तिथे शिकाऊ कंट्रोलरना सरावासाठी विमानं लागतात आणि ती उडवायला माणसं कायम कमीच पडतात. तरी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, अर्ज केला पण उत्तर नाही, किंवा मला एअरबस ए३२० विमान तोंडपाठ येतं तरी नाही म्हणाले. अहो, ए३२० तोंडपाठ आहे हे छानच, पण फॉर्मवर ते कुणी विचारलेलंच नसतं. अडतं ते भलत्याच ठिकाणी.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. खऱ्या एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या अकादमीत सिम्युलेटरवर विमानं चालवणारे स्युडो पायलट असतात, ती बहुतेक ठिकाणी पगारी नोकरी असते, तिची जाहिरात वेगळी आणि अर्जही वेगळा. इथे आपण बोलतोय ते व्हॅटसिमच्या फुकट, हौशी कामाबद्दल. हे नेटवर्क २००१ पासून चालू आहे आणि शिकवणारे मेंटॉरसुद्धा तुमच्यासारखेच ऑफिस, कॉलेज सांभाळून बसलेले असतात, त्यामुळे उत्तराला आठवडा लागला तर लगेच तीन रिमाइंडर टाकू नका.

आता या नावाखाली दोन वेगळी कामं येतात आणि निम्मे अर्ज त्या गोंधळातच जातात. पहिलं काम म्हणजे लाइव्ह नेटवर्कवर, आपल्याच सिम्युलेटरमधून, ज्या विमानतळावर ट्रेनी बसलाय तिथे उडायचं. युरोपात कंट्रोलरची प्रॅक्टिकल परीक्षा असते, तिला सीपीटी म्हणतात, ती बऱ्याचदा आधी जाहीर करतात म्हणजे ट्रॅफिक येईल. याला बहुतेक वेळा अर्ज लागतच नाही! फ्लाइट प्लॅन टाका, वेळेवर गेटवर उभे राहा, झालं. दुसरं काम स्वेटबॉक्सचं. स्वेटबॉक्स म्हणजे फक्त ट्रेनिंगसाठी ठेवलेला वेगळा सर्व्हर, तिथे बाहेरचं कुणी येत नाही, आणि यात तुम्ही कॉकपिटमध्ये बसतच नाही. युरोस्कोपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रडारचा स्क्रीन समोर असतो, त्यावर पाचसहा ठिपके तुमच्या ताब्यात, ट्रेनी म्हणाला हेडिंग (दिशा) २७० की त्या ठिपक्याच्या टॅगवर क्लिक करून २७० टाकायचं आणि तोंडाने रीडबॅक द्यायचा, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवायची, तेवढ्यात दुसरा ठिपका बोलायची वेळ झालेली असते. अर्ज लागतो तो याला. आणि युरोस्कोप विंडोजवरच चालतं, मॅकवाल्यांनी हे फॉर्म भरण्याआधी बघा, मंजुरी आल्यावर नाही.

पात्रता तशी साधी आहे. वय किमान १३, चालू अकाउंट, नवीन सदस्यांची ओळख परीक्षा पास केलेली, आणि कळेल असं रेडिओ इंग्रजी. काही विभाग स्वेटबॉक्ससाठी एस१ म्हणजे ग्राउंडचं रेटिंग मागतात, काही नाही मागत, त्या विभागाच्या पानावर लिहिलेलं असतं.

आता जिथे खरंच दात दुखतो ते.

जुनं अकाउंट. पाच वर्षांपूर्वी काढलेलं असतं, पासवर्ड आठवत नाही, ईमेल कॉलेजचा होता तो बंद पडला, मग माणूस काय करतो तर सरळ नवीन अकाउंट काढतो. हे अजिबात करू नका. एका माणसाला एकच अकाउंट हा नियम आहे, दोन सापडली की निलंबन होतं आणि मग अर्ज राहिला बाजूला, तुम्ही खुलासे देत बसता. जुनंच अकाउंट पुन्हा चालू करून घ्या, सपोर्टला तिकीट टाका, नवीन ईमेल कळवा. वेळ जातो, जाऊ दे. फॉर्मवर सीआयडी म्हणजे तुमचा सदस्य क्रमांक टाकायचा असतो, तिथे लोक डिस्कॉर्डचं नाव टाकतात. डिस्कॉर्ड अकाउंट सीआयडीला जोडलेलं नसेल तर ट्रेनिंगचं चॅनल दिसतच नाही आणि मग "मला कुणी बोलावलंच नाही" अशी तक्रार येते. बोलावलेलं असतं हो, ते बंद दाराआड.

नाव नेटवर्कवर पूर्ण, नुसतं पहिलं किंवा सीआयडी, काहीही चालतं. स्कायकिंग९९ चालत नाही.

वेळ. यावर मी किती वेळा बोललोय याची मोजदाद सोडून दिलीय. सगळ्या वेळा झुलूत, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेत असतात, खूण झेड. १९०० झेड म्हणजे तुमच्या घड्याळातले सात नव्हेत. शुक्रवारचे २३३० झुलू हे पूर्वेकडे राहणाऱ्याच्या कॅलेंडरवर शनिवारी येतात, आणि माणूस शुक्रवारी रात्री एकटाच रिकाम्या सर्व्हरवर हॅलो हॅलो करत बसतो. त्यात उन्हाळी वेळेची भर. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत "नेहमीच्याच वेळेला" या शब्दाला काही अर्थच उरत नाही. मेंटॉर असं म्हणाला की सरळ विचारा, झुलूत किती? आणि तारीख ०३/०४ असेल तर महिना अक्षरात लिहून मागा, यात लाज कसली.

मग तो कागद, जो कुणाकडेच नसतो: चालू एअरॅकचे चार्ट. एअरॅक म्हणजे मार्ग आणि चार्टची माहिती ठरलेल्या तारखांना बदलायची पद्धत, तिची सायकल २८ दिवसांची असते आणि तुमच्या सिमचा डेटा बऱ्याचदा कितीतरी जुना. ट्रेनी नवीन एसआयडी (विमानतळावरून बाहेर पडायचा ठरलेला मार्ग) देतो, तुमच्या एफएमसीत म्हणजे विमानाच्या मार्गाच्या कॉम्प्युटरमध्ये ती नसते, तुम्ही गप्प राहता, तो परत वाचतो, मागे चार जण खोळंबलेले. विकतचा डेटा घ्यायलाच हवा असं नाही. चार्ट त्या त्या देशाच्या एआयपीमध्ये, म्हणजे हवाई माहितीच्या अधिकृत प्रकाशनात, बहुतेक फुकट मिळतात, चार्टफॉक्स या साइटवर सिमवाल्यांसाठी जमवून ठेवलेले सापडतात. आणि एसआयडी नसेलच तर क्लिअरन्सच्या (मार्गाच्या परवानगीच्या) वेळीच सांगायचं की ही जमणार नाही, व्हेक्टर द्या, म्हणजे दिशा तुम्हीच सांगत राहा. टेकऑफ रोलवर सांगायचं नाही.

काही फॉर्मवर अनुभव असा कॉलम असतो, त्यात लोक तासांची बढाई मारतात. लिहा साधंच, मी रीडबॅक पूर्ण देतो, उंची, हेडिंग, क्यूएनएच (उंचीमापकाला लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारवर ओळख पटवणारा चार आकडी कोड), रनवे काही गाळत नाही, नुसतं रॉजर म्हणून मोकळा होत नाही. मेंटॉरला एवढंच हवं असतं. कारण ट्रेनीने शिकायचं असतं चुकीचा रीडबॅक पकडायला, आणि तुम्ही कधी देता कधी देत नाही असं असेल तर तो कशाच्या जोरावर शिकणार. १९७७ ला टेनेरिफच्या विमानतळावर दोन विमानं धडकून ५८३ माणसं गेली, त्यानंतर टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष टेकऑफच्या परवानगीशिवाय रेडिओवर वापरायचा नाही अशी शिस्त आली, आपल्या तोंडात तो सवयीने येतो, "रेडी फॉर डिपार्चर" म्हणायची सवय लावा.

चांगुलपणाचंही सांगतो. एका सेशनमध्ये दोन विमानं फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर होती, मागचं १८० नॉट्सने येत होतं, अंतर पाच मैलांवरून तीनकडे घसरत चाललेलं. मागचं विमान ज्याच्याकडे होतं तो बिचारा काळजीने आपणहून १५० वर आला, कुणी सांगितलं नव्हतं. अंतर वाचलं आणि सेशन वाया गेलं, कारण ट्रेनीला ते दिसतंय का एवढंच बघायला मेंटॉर गप्प बसला होता. ट्रेनीने सांगितलं तेवढंच करायचं, सांगितलं नाही तर नाही. तसंच मुद्दाम चुका मेंटॉरने सांगितल्या तरच. मनाने इमर्जन्सी काढायची नाही, लाइव्ह नेटवर्कवर ७७०० हा इमर्जन्सीचा स्क्वॉक लावलात आणि कंट्रोलरने थांबव म्हटलं तर थांबवायचं नाहीतर डिस्कनेक्ट व्हायचं, आणि ७५०० म्हणजे अपहरणाचा कोड तर कधीच नाही, त्याला बंदीच आहे.

बाकीचं पटकन. लाइव्हसाठी सिम नेटवर्कला जोडणारा क्लायंट लागतो, मायक्रोसॉफ्ट सिमला व्हीपायलट, एक्सप्लेनला एक्सपायलट. स्वेटबॉक्सवर आवाज बऱ्याचदा डिस्कॉर्ड किंवा टीमस्पीकवर असतो, पुश टू टॉकचं (दाबलं तरच माइक चालू होणारं) बटण लावा, पंखा बंद करा. पहिल्यांदा बोलावलं की निम्मा वेळ नुसतं ऐकायला बसवतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि सेशनच्या दिवशी सिम किंवा क्लायंट दोन तास आधी एकदा उघडून ठेवा. दहा मिनिटं आधी उघडलात की नेमका तेव्हाच अपडेट सुरू होतो, मग तिकडे ट्रेनी कितीतरी आठवडे वाट बघून मिळालेल्या दीड तासाच्या स्लॉटमध्ये बसलेला आणि इकडे तुमचा १२ टक्क्यांवरचा हिरवा पट्टा. येता येणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा. कळवून न आलेल्याला परत बोलावतात, न कळवता गायब झालेल्याच्या पुढच्या अर्जाला उत्तर येत नाही आणि का ते कुणी सांगतही नाही.